श्वासाचें सोवळें

आमच्या औरंगपुऱ्यांतील घराच्या माजघरास दोन खिडक्या आहेत. एक बोळाकडे उघडते व दुसरी परसाकडे. उन्हाची झळ आंत येऊं नये म्हणून चैत्र लागतांच सकाळीं दहापासून त्या दोन्ही लावून घ्याव्या, असा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा परिपाठ. आज जी चूक आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों ती या बंद खिडक्यांच्या आंत घडली, आणि ती आमच्याच हातून घडली.

एप्रिल २०२१ चे ते दिवस. छत्रपति संभाजीनगरचें नांव तेव्हां औरंगाबाद असें होतें. शहरांत कोरोनाचा पहिला रुग्ण मार्च २०२० च्या मध्यास आढळला होता. त्याच वर्षीं १० जुलैपासून १८ जुलैपर्यंत नऊ दिवसांची कडक टाळेबंदीहि शहरानें सोसली होती. परंतु दुसरी लाट आली ती पहिलीहून भारी. अशांत आमच्या तीर्थरूपांचें सांवत्सरिक श्राद्ध आलें. बाहेरचें कोणी बोलवावयाचें नाहीं, गुरुजींनीं फोनवरून मंत्र सांगावे, आणि घरच्या पांच माणसांनींच तिथि पार पाडावी असें ठरलें. आदल्या रात्रीं आमचा घसा खवखवत होता व अंग किंचित् कोंबट लागत होतें. ऊन बाधलें असेल, अशी मनाची समजूत घालून आम्हीं तें कोणास सांगितलें नाहीं. तिथि चुकूं नये हा हेतु. पण हेतु चांगला असला म्हणजे कृत्य चांगलें ठरतेंच असें नाहीं, हें पस्तीस वर्षें मुलांस शिकवूनहि आम्हांस त्या दिवशीं आठवलें नाहीं.

सोवळें मात्र कडक पाळलें. कोणास शिवलों नाहीं, हात दहा वेळां धुतले. आणि बंद माजघरांत तीन तास मोठ्यानें मंत्र म्हटले. पांचव्या दिवशीं आमच्या वहिनींस ताप भरला.

विषाणु म्हणजे काय?

‘कोरोना’ हा लॅटिन शब्द, अर्थ मुकुट. जून अल्मेडा या स्कॉटिश विदुषीनें मानवी कोरोना विषाणूंचीं चित्रें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून टिपलीं, आणि त्यांच्या अंगाभोंवतीं दिसणाऱ्या कांट्यांवरून १९६८ सालीं या कुळास हें नांव मिळालें. आपल्या भाषेंतील ‘विषाणु’ शब्द विष आणि अणु यांच्या संधीनें झालेला आहे. संस्कृतांत ‘विषाण’ म्हणजे शिंग हेंहि येथें ध्यानांत आलें तर, नांव दोन्ही अर्थांनीं शोभतें असें म्हणावें लागेल.

या कुळांतील चार विषाणु फार दिवसांपासून माणसांत आहेत व ते साधें पडसें आणतात. २००२-०३ मध्यें सार्स आणि २०१२ मध्यें मर्स हे दोन उग्र आजार याच कुळानें दिले. २०१९ च्या अखेरीस चीनमधील वूहान शहरांत तिसरा उग्र विषाणु प्रगटला. भारतांतील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजीं केरळांत सांपडला. महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण ९ मार्च रोजीं पुण्यांत.

एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढा हा विषाणु. बाहेर स्निग्ध पदार्थाचें पातळ वेष्टन, त्यावर प्रथिनांचे कांटे, आणि आंत सुमारें तीस हजार अक्षरांची आर.एन.ए. नांवाची एक फीत. हा जणूं एक ग्रंथच. पण त्यास स्वतःचा छापखाना नाहीं. आपल्या नाक, घसा व फुप्फुसें यांतील पेशींवर एसीई-२ नांवाचें एक प्रथिन असतें. कुलुपांत किल्ली बसावी तसा विषाणूचा कांटा त्यांत बसतो, ग्रंथ आंत शिरतो, आणि पेशीचा छापखाना आपलें काम टाकून त्याच्या प्रती काढूं लागतो. त्या प्रती बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतात.

तो पसरतो कसा?

येथेंच आमच्यासारख्यांची फसगत झाली. प्रारंभीं आम्ही दुधाच्या पिशव्या साबणानें धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यांत बुडविली, वर्तमानपत्र उन्हांत वाळविलें. हात धुणें चांगलेंच, कारण साबणानें विषाणूचें स्निग्ध वेष्टन फुटतें व तो निकामी होतो. परंतु पुढें असें ठरलें कीं, वस्तूंच्या स्पर्शानें हा रोग क्वचितच लागतो. त्याचा खरा मार्ग श्वासाचा आहे. खोकतां-शिंकतांना उडणारे मोठे तुषार थोड्याच अंतरावर खालीं पडतात. पण बोलतांना, गातांना, नुसता श्वास सोडतांनाहि जे अतिसूक्ष्म कण निघतात, ते बंद खोलींत धुरासारखे साठून बराच वेळ तरंगत राहतात. शांत श्वासोच्छ्वासापेक्षां मोठ्या आवाजांत हे कण पुष्कळ अधिक निघतात. मंत्र म्हणजे पवित्र ध्वनि. पण आमच्या श्वासाबरोबर त्या दिवशीं काय बाहेर पडत होतें, हें आतां सांगावयास नको.

दुसरी मेख अशी कीं, रोगी स्वतः आजारी पडण्याच्या एक-दोन दिवस आधींपासूनच दुसऱ्यास रोग देऊं शकतो. संसर्गानंतर लक्षणें दोन ते चौदा दिवसांत दिसतात. अलीकडील प्रकारांत बहुधा तीन-चार दिवसांतच. ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी हीं नेहमींचीं लक्षणें. पूर्वींच्या लाटांत वास व चव जाणें हेंहि फार आढळे. बहुतेक लोक आठवड्यांत बरे होतात. कांहींच्या बाबतींत मात्र दुसऱ्या आठवड्यांत फुप्फुसांस सूज येते; शरीराची संरक्षक सेनाच बेभान होऊन आपल्या घराची नासधूस करूं लागते, आणि रक्तांतील प्राणवायु घटतो. विशेष हें कीं, प्राणवायु बराच उतरला तरी कित्येकांस धाप लागल्याची जाणीव होत नाहीं. आमच्या वहिनी आठव्या दिवशीं अंथरुणांत बसून सूनबाईंशीं बोलत होत्या. बोटास लावलेल्या यंत्रांत आंकडा होता ८८. तो ९४ च्या खालीं गेला कीं डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये.

परीक्षा कशी होते?

आम्हींहि परीक्षा करून घेतली होती, हें सांगितलें पाहिजे. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीं मनास टोंचणी लागली म्हणून ॲन्टिजेन चाचणी केली. ती अर्ध्या तासांत होते. नाकांतील स्रावांत विषाणूचें प्रथिन आहे कीं नाहीं तें ती पाहते. ‘निगेटिव्ह’ निघाली, आणि आम्ही ती निर्दोषतेची सनद समजून सर्वांच्या पंक्तीस बसलों. चुकलों. ही चाचणी ‘आहे’ म्हणाली तर बहुधा खरें. ‘नाहीं’ म्हणाली तर विश्वासूं नये, विशेषतः आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत.

खात्रीची परीक्षा आरटी-पीसीआर. नाकाच्या व घशाच्या आंतील स्राव कापसाच्या कांडीवर घेतात. विषाणूच्या फितीची प्रथम डी.एन.ए. च्या लिपींत नक्कल करितात, मग तिचा ठराविक भाग पुन्हां पुन्हां दुप्पट करितात. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आम्ही वर्गांत सांगत असूं. तसेंच हें गणित. तीस वेळां दुप्पट केलें कीं एकाचे १०७ कोटींहून अधिक होतात, आणि अदृश्य होतें तें दृश्य होतें. जितक्या कमी फेऱ्यांत चिन्ह दिसेल तितका त्या नमुन्यांत विषाणु अधिक. या परीक्षेंत महाराष्ट्राचें काम मोठें आहे. १९५२ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेनें देशांतील पहिल्या रुग्णाचें निदान पक्कें केलें. नागपूरच्या ‘नीरी’नें कांडीऐवजीं मिठाच्या पाण्याच्या गुळणीवर परीक्षा करण्याची सोपी रीत काढली, तिला मे २०२१ मध्यें मान्यता मिळाली. आमच्या शहरांत घाटी रुग्णालयाबरोबर विद्यापीठानेंहि प्रयोगशाळा चालविली. छातीच्या सी.टी. चित्रांत फुप्फुसांची हानि कळते. पण रोगाचें नांव पक्कें करणें हें पीसीआरचेंच काम. वहिनींना ताप आल्यावर ही परीक्षा केली, तेव्हां त्यांच्याबरोबर आम्हीहि ‘पॉझिटिव्ह’ निघालों.

काय करावें?

पहिली गोष्ट लस. ती देशांत १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. पुण्याच्या सीरम संस्थेची कोविशील्ड आणि विषाणुविज्ञान संस्थेच्या साह्यानें तयार झालेली भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन या दोन लसी आपल्याकडे मुख्यत्वें दिल्या गेल्या. लसीनें संसर्ग अजिबात टळतो असें नाहीं. पण आजार प्राणांवर बेतण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. आमच्या जिल्ह्यांत नोव्हेंबर २०२१ मध्येंहि पहिली मात्रा सुमारें ५५ टक्के लोकांनींच घेतली होती, राज्याचें प्रमाण ७४ च्या घरांत असतां. म्हणून लस न घेतलेल्यांस पेट्रोल व रेशन देऊं नये असा आदेश जिल्हा प्रशासनास काढावा लागला. परंतु इतरांस हंसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ‘श्राद्ध आटोपूं द्या, मग घेऊं’ असें म्हणून आमच्या घरींहि लस लांबली होती.

दुसरी गोष्ट हवा. चार माणसें जमलीं कीं समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. तिसरी गोष्ट मुखपट्टी. ती नाकावर घट्ट बसली तरच उपयोगी. चौथी, आजारी माणसानें वेगळ्या खोलींत राहणें. पांचवी, औषधांचा मोह टाळणें. जंतुनाशक ॲन्टिबायोटिक गोळ्या विषाणूवर चालत नाहींत. स्टिरॉइडनें प्राणवायूची गरज लागलेल्या रुग्णांचे प्राण वांचतात, हें २०२० मध्यें सिद्ध झालें. पण सौम्य आजारांत तीं घेणें घातक. २०२१ मध्यें मधुमेही रुग्णांत जो काळ्या बुरशीचा उपद्रव झाला त्यामागें अनियंत्रित साखर व स्टिरॉइडचा अतिरेक हीं मोठीं कारणें होतीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं या रोगाची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. विषाणु मात्र गेला नाहीं. लस आणि पूर्वींचे संसर्ग यांमुळें बहुतेकांस तो आतां पडशासारखाच भासतो. पण वृद्ध, मधुमेही व दुबळ्या फुप्फुसांचीं माणसें यांस त्याचें भय आहेच. म्हणून घरांत कोणास ताप-खोकला आला तर तो लपवूं नये, एवढें तरी पथ्य कायम पाळावें.

सोवळ्याविषयीं एक शब्द. जुन्या सोवळ्यानें माणूस कोणत्या जन्माचा हें पाहिलें, आणि त्यांत पुष्कळ अन्याय झाला. विषाणु गोत्र विचारीत नाहीं, जात विचारीत नाहीं. दूर ठेवावयाचा तो रोग; रोगी नव्हे, आणि त्याचें घर तर नव्हेच.

वहिनी तेरा दिवस प्राणवायूवर होत्या. परमेश्वरकृपेनें घरीं आल्या. पण ज्या दौलताबादचा किल्ला पूर्वीं मुलांच्या आधीं चढत, त्यांना आतां गच्चीच्या जिन्यांत मध्यें बसावें लागतें. घरीं आल्यावर आम्हीं त्यांजपाशीं सारें कबूल केलें. त्या रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, सांगितलं असतंत तर स्वयंपाक पुढं ढकलला असता. पितर कुठं पळून जाणार होते?”

तेव्हांपासून माजघरांत चार माणसें बसलीं कीं दोन्ही खिडक्या भर दुपारींहि उघड्या असतात. झळ आंत येते. ती सोसवते.