मीरा-भाईंदरकरांनो, मोबाइल काढा आणि फाइल मागा!

राजकारणावर तावातावाने बोलणारे आपल्याकडे लोकलच्या प्रत्येक डब्यात आहेत. पण महापालिकेची फाइल उघडून बघणारे मोजकेच. मला चटक लागली ती फाइलचीच!

माहिती अधिकार कायदा 2005 चा. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क 10 रुपये. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर घरबसल्या भरता येतं. अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत हवा. त्यात 'रस्ता खराब का?' असं विचारू नका. मतं मागायची नसतात, कागद मागायचे. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयकं आणि दोषदायित्व कालावधीची प्रत मागा. हा कालावधी संपलेला नसेल, तर खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो. खरी मेख तिथेच आहे.

उत्तराची मुदत 30 दिवस. आलंच नाही किंवा गोलमाल आलं, तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील. शुल्क 20 रुपये.

दुसरा नाद नकाशांचा. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं फुकट दिसतात. खाडीकाठची तिवरं कुठे विरळ झाली, भराव कुठे पडला, हे वर्षागणिक ताडून बघता येतं. तिवरांची तोड आणि त्यांच्यावरचा भराव मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच रोखला आहे. असं काही दिसलं, तर तक्रार करा आणि तिला अक्षांश-रेखांश आणि तारीख असलेला फोटो जोडा. मोघम तक्रार लगेच निकाली निघते.

या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या एका तरी कामाचा कार्यादेश मागवा. मसुदा अडला तर कमेंटमध्ये टाका, मिळून नीट करू.