अँटिगनीला इस्मिनी का लागते?

अँटिगनी म्हटले की राजाज्ञा धुडकावून भावाच्या प्रेतावर माती टाकणारी मुलगी डोळ्यांसमोर येते. तिची बहीण इस्मिनी फारशी कुणाला आठवत नाही, आणि आठवलीच तर भित्री म्हणून. सोफोक्लीजचे ‘अँटिगनी’ हे नाटक इ.स.पू. 441च्या सुमाराचे. त्याच्या साडेतेराशे ओळींत इस्मिनी फक्त दोन प्रवेशांत बोलते, आणि निम्मे नाटक व्हायच्या आतच दिसेनाशी होते. मुख्य पात्राच्या शेजारी उभे राहून त्याचे वेगळेपण दाखवणाऱ्या अशा पात्राला समीक्षक ‘फॉइल’ म्हणतात. नायकाचे तेज अधिक उठून दिसावे म्हणून शेजारी एक फिके पात्र ठेवायचे, एवढाच त्याचा उपयोग, असा सर्वसाधारण समज आहे. इस्मिनीच्या बाबतीत तो अपुरा आहे. तिच्यामुळे अँटिगनीचे धैर्य दिसते, तसेच त्या धैर्याची किंमतही दिसते. आणि ही किंमत दिसते म्हणूनच हे नाटक शोकांतिका होते.

नाटकाची सुरुवात या दोघींच्याच संवादाने होते. थीब्जच्या गादीसाठी लढताना दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले आहेत. नवा राजा क्रेऑन हा त्यांचा मामा. त्याने इटिओक्लीजला सन्मानाने पुरले, पण परक्यांचे सैन्य घेऊन चालून आलेल्या पॉलिनायसिसचे प्रेत उघड्यावर टाकण्याची दवंडी पिटली. जो त्याला पुरेल त्याला दगडांनी ठेचून मारले जाईल. या क्षणी दोघी बहिणींची परिस्थिती तंतोतंत सारखी आहे. आईबाप तेच, मेलेले भाऊ तेच, घराण्यावरचा कलंक तोच, हुकूमही तोच. त्यामुळे दोघींत जो फरक पडतो तो केवळ निर्णयाचा. इस्मिनीचे म्हणणे पोकळ नाही. बापाने, म्हणजे इडिपसने, स्वतःचे डोळे फोडले, आईने गळफास घेतला, भाऊ एकमेकांना मारून गेले. आता उरलेल्या दोघींनीही मरायचे का, असा तिचा प्रश्न आहे. आपण बायका, सत्ता पुरुषांच्या हाती, मेलेल्यांची क्षमा मागून आपण हुकूम पाळू, असे ती सांगते. तेव्हाच्या अथेन्समधल्या बहुतेक प्रेक्षकांना हे बोलणे शहाणपणाचेच वाटले असणार. हा शहाणपणाचा मार्ग रंगमंचावर उघडपणे मांडला जातो, अँटिगनी तो ऐकते आणि नाकारते. तो मांडणारे कुणी नसते, तर तिचे कृत्य हट्टी स्वभावाचा किंवा दैवाचा परिणाम वाटले असते. इस्मिनीमुळे ती जाणूनबुजून केलेली निवड ठरते.

पण हाच संवाद अँटिगनीची दुसरी बाजूही उघडी करतो. इस्मिनी निदान ही गोष्ट गुप्त ठेव म्हणते. अँटिगनी तिला गावभर ओरडून सांगायला बजावते आणि तुझा मला द्वेषच वाटेल असे सुनावते. मेलेल्या भावासाठी जीव देणारी ही मुलगी जिवंत बहिणीशी पहिल्याच प्रवेशात इतकी कठोर होते. पुढे अँटिगनी पकडली जाते, क्रेऑन इस्मिनीलाही दरबारात आणवतो, आणि ती रडत रडत गुन्ह्यातला वाटा स्वतःहून अंगावर घेते. जिला भित्री म्हटले ती आता मरायला तयार आहे. अँटिगनी तिला तो वाटा घेऊ देत नाही. तू जगणे निवडलेस, मी मरण, असे सांगून तिला दूर सारते. यात बहिणीला वाचवण्याची इच्छा असू शकते, आपल्या मरणात कुणी वाटेकरी नको हा अभिमानही असू शकतो. सोफोक्लीज निवाडा देत नाही. हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो तो मात्र इस्मिनी समोर असते म्हणूनच.

ही रचना योगायोगाने झालेली नाही. क्रेऑनच्या शेजारी सोफोक्लीजने त्याचा मुलगा हीमॉन उभा केला आहे. पुरात वाकणारी झाडे टिकतात, ताठ राहणारी मुळासकट उपटली जातात, असे तो बापाला समजावतो आणि बाप ऐकत नाही. म्हणजे दोन न वाकणारी माणसे, आणि प्रत्येकासमोर वाकण्याचे शहाणपण सांगणारे जवळचे माणूस. ‘इलेक्ट्रा’तही सोफोक्लीजने हेच केले. बापाच्या खुनाचा सूड मागणाऱ्या इलेक्ट्राजवळ त्याने क्रिसोथेमिस ही सावध बहीण आणली. याच कथेवरच्या इस्किलसच्या आधीच्या नाटकात ती कुठेही नाही. आपल्याकडे गडकऱ्यांच्या 1919मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त ही जोडी उलटी लावलेली दिसते. तिथे निमूट सोसणारी सिंधू मध्यभागी आहे आणि तोंडावर बोलणारी गीता तिच्या शेजारी. सिंधूचे सोसणे हा एकच मार्ग नव्हता, हे गीतेमुळे कळते.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा, की इस्मिनीला असे पाहिले तर ती बहिणीला मोजण्याचे नुसते साधन उरते. पण साधन बदलत नाही, इस्मिनी बदलते. पहिल्या प्रवेशात नकार देणारी ती दुसऱ्या प्रवेशात मरणाला सामोरी जाते, आणि क्रेऑनला त्याच्याच मुलाच्या वाग्दत्त वधूला मारणार का, असे थेट विचारणारीही तीच. दुसरा आक्षेप तिच्या नाहीसे होण्याचा आहे. सगळ्या भूमिका तीनच नटांनी मुखवटे घालून करायच्या असल्यामुळे इस्मिनीच्या नटाला पुढे दुसरी सोंगे वठवावी लागत. तेव्हा तिच्या जाण्यात अर्थ शोधणे व्यर्थ, असे कुणी म्हणेल. या अडचणीमुळे ती रंगमंचावर का नाही ते कळते. पण अँटिगनी तिला का विसरते, ते कळत नाही. गायकवृंदाच्या एका प्रश्नावर क्रेऑन इस्मिनीला सोडून देतो. त्यानंतर, दगडांनी ठेचली जाण्याऐवजी आता जिवंत गाडली जाण्यासाठी निघालेली अँटिगनी स्वतःला राजघराण्यातली शेवटची उरलेली म्हणवते. बहीण जिवंत असताना तिने तिला हिशेबातून काढून टाकले आहे. अँटिगनीचा एकटेपणा काही अंशी तिने स्वतः ओढवून घेतला आहे, हे यातून कळते.

शेवटी अँटिगनी, हीमॉन आणि क्रेऑनची राणी युरिडिसी मरतात. क्रेऑन जगतो तो मोडून पडलेला. इडिपसच्या चार मुलांपैकी एकटी इस्मिनी उरते, आणि तिच्याबद्दल कुणी एक शब्दही बोलत नाही. अँटिगनी बरोबर होती, हे नाटक नाकारत नाही. पण तिच्या बरोबर असण्याची झळ मागे राहिलेल्यांनाही लागली. तेव्हा हे नाटक वाचताना किंवा पाहताना इस्मिनीचे म्हणणे भित्रेपणा म्हणून बाजूला सारू नका. ते पटण्याइतके खरे वाटले, तरच ते झुगारायला किती बळ लागले असेल याचा अंदाज येतो.