आधी दस्ता, मग नळी

कांदिवली पूर्वेला राहणाऱ्यांना जंगल काही लांब नाही. दामूनगरच्या मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात आणि बिबट्या दिसल्याची चर्चा आमच्याकडे अधूनमधून रंगतेच. अशा ठिकाणी राहणारा मी लोकांना रायफल कशी निवडावी ते सांगतो, म्हटल्यावर भुवया उंचावतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझा संबंध कागदी लक्ष्याशी आहे, जनावराशी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला वेसण घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकारीचे परवानेही संपवले. हौस म्हणून केलेली शिकार आज गुन्हा आहे. रायफल मात्र संपली नाही. ती खेळाच्या मैदानात आली.

आकुर्ली रोडवर साईचं क्रीडा केंद्र असल्यामुळे आमच्या भागात खेळाचं वारं आहेच. त्यात १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, आणि मुलामुलींना घेऊन येणारे आईबाप वाढले. त्यांच्याबरोबर एक प्रश्नही येऊ लागला. इंटरनेटवर पाहिलेला असतो, त्यामुळे मोठ्या उत्साहाने विचारला जातो, ‘‘सर, परदेशात एकाच रायफलीला दोन-तीन नळ्या लावता येतात म्हणे. तशीच एक घेऊन टाकली तर?’’

ही बदलत्या नळीची रायफल काय आहे, ते आधी पाहू. जर्मनीतल्या शिकाऱ्याला एका हंगामात लहान हरणही मारायचं असतं आणि रानडुक्करही. एकाला हलकी गोळी लागते, दुसऱ्याला जड. दोन रायफली घेण्याऐवजी तो एकच घेतो आणि नळी बदलतो. ब्लेझर कंपनीची आर ९३ ही रायफल १९९३ मध्ये आली, आर ८ ही २००८ मध्ये. स्टॉकमधले स्क्रू चावीने सैल करायचे, एक नळी काढायची, दुसरी बसवायची. गोळीच्या आकारानुसार कधी बोल्टचं तोंड आणि मॅगझीनही बदलावं लागतं. दुर्बीण नळीवरच बसते, म्हणून प्रत्येक नळीला वेगळी दुर्बीण ठेवली तर नेम फारसा हलत नाही. सोय उत्तम आहे, पण ती ज्यांच्याकडे शिकार कायदेशीर आहे त्यांची.

आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. एक तर मारायला दोन प्रकारची जनावरं नाहीत. कागदाला हलकी काय आणि जड काय! आणि दुसरं, १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. सुटी नळी म्हणजे पाना-पकडीसारखं कपाटात टाकून ठेवायचं सामान नव्हे. ती कायद्याच्या कक्षेत येते, तिची परवानगी लागते. पार्सलने नळी मागवू, असं म्हणणाऱ्याला मी तिथेच थांबवतो.

आता खरी गंमत ऐका. शिकारी नळी बदलतो, दस्ता तोच ठेवतो. खेळाडूचं नेमकं उलट असतं. स्वप्नीलच्या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तीन स्थितींत गोळ्या मारायच्या असतात. रायफल तीच, नळी तीच. पण प्रत्येक स्थितीत मान वेगळी वाकते, खांदा वेगळ्या उंचीवर येतो. म्हणून गालाची पट्टी वरखाली करायची, खांद्याला टेकणारा तळ पुढेमागे सरकवायचा, डाव्या हाताचा आधार हलवायचा. सगळी खटपट दस्त्याची, म्हणजे रेंजवरच्या भाषेत स्टॉकची. रायफल घ्यायला निघालेल्या माणसाने याच भागावर आधी लक्ष द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

दस्ता बसतो की नाही, हे दुकानातच तपासता येतं. रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करा आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचा तळ कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापापर्यंत आरामात पोचलं, तर लांबी साधारण बरोबर. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. माशी समोरच दिसली पाहिजे. ती शोधायला मान ताणावी लागली, तर दस्ता तुमचा नाही. मूल डावखुरं असेल किंवा त्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर गालाची पट्टी आणि मूठ त्या बाजूची हवी.

वजनाचंही तसंच. दहा मीटर एअर रायफलला स्पर्धेत साडेपाच किलोची मर्यादा आहे. पण मर्यादा म्हणजे सल्ला नव्हे. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात तेवढं वजन दिलं, तर ती पाठ मागे टाकून तोल सांभाळते. तीच सवय लागते आणि कंबर कुरकुरू लागते. वाढत्या वयाला हलकी आणि दस्ता लांब-आखूड करता येईल अशी रायफल द्यावी.

दस्ता कशाचा, हा पुढचा प्रश्न. अक्रोडाचं लाकूड देखणं आणि हाताला उबदार असतं. पण लाकूड ओल पितं, आणि मुंबईचा पावसाळा चार महिने ओलच पाजतो. फुगलेलं लाकूड नळीला टेकलं की नेम सरकतो. नळी मोकळी राहावी अशा बनावटीची पॉइंट टू-टू रायफल असेल, तर नळी आणि लाकूड यांच्यामधून एक कोरी नोट सरकवून पाहा. ती अडकली, तर तिथे स्पर्श होतो आहे. पातळ लाकडी थर चिकटवून केलेला दस्ता याहून स्थिर. ॲल्युमिनियमच्या दस्त्याला ओलीची भीती नाही आणि तो सर्वांत जास्त जुळवून घेता येतो, म्हणून स्पर्धेत तोच अधिक दिसतो. मात्र घामाचे हात लागले की तो पुसून ठेवायला हवा.

आणि खरेदी? घाई करू नका. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव करून अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. रेंजवर चार-सहा महिने क्लबची रायफल वापरली, की आपल्या खांद्याला काय हवं ते आपोआप कळतं. दहा मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. तो महागड्या नळीमुळे एकदा लागेल, पण साठ वेळा लागायला रायफल शरीराचाच भाग व्हावी लागते. पॉइंट टू-टू घ्यायची वेळ आली, की मुंबईत पोलीस आयुक्तालयाच्या परवान्याचं काम आधी आणि पैसे नंतर. घरात रायफल रिकामी आणि कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात.

नवे बूट घेताना आपण दुकानात चार पावलं चालून पाहतो. दोन लाखांची वस्तू न लावता घेऊ नये, एवढंच माझं सांगणं. पाल्याला बरोबर न्या, त्याच्या खांद्याला लावून पाहा, आणि त्याची मान काय म्हणते ते ऐका.