अबियेजेर या कुलनामाचा अर्थ व मूळ

इब्री धर्मग्रंथांतील बहुतेक कुलनामांस ग्रंथाबाहेरचा पुरावा मिळत नाहीं. मनश्शे वंशांतील अबियेजेर हें कुल त्यास अपवाद आहे. शास्ते या ग्रंथांतील प्रसिद्ध वीर गिदोन याच कुलांतला.

शब्दार्थ कठीण नाहीं. 'आब' म्हणजे पिता व 'एजेर' म्हणजे साह्य. मधला इकार 'माझा' या अर्थाचा प्रत्यय मानावा, कीं दोन पदें जोडणारा जुना स्वर मानावा, याविषयीं मतभेद आहे. परंतु 'पिता हेंच साह्य' हा आशय दोन्ही पक्षीं कायम राहतो. 'एलियेजेर' म्हणजे 'देव हेंच साह्य' व 'अहियेजेर' म्हणजे 'बंधु हेंच साह्य', हीं नांवें त्याच घडणीचीं आहेत. त्यावरून येथील पिताही जन्मदाता नसून देवच विवक्षित असावा, असें आम्हांस वाटतें. दाविदाच्या शूरांत अनाथोथ येथील एक अबियेजेर होता. तेव्हां हें नांव मूळचें व्यक्तीचें, हें उघड आहे.

खरी अडचण पाठाची आहे. यहोशवा १७.२ येथें 'अबियेजेर' असा पूर्ण पाठ आहे, पण गणना २६.३० येथें 'बेथ' हें अक्षर गळून 'ईयेजेर' झालें आहे. हा लेखकाचा हस्तदोष म्हणावा, तर त्याच वचनांत कुलवाचक रूपांतूनही तें अक्षर गळलेलें आहे. एकाच ओळींत तीच चूक दोनदां होणें संभवत नाहीं. म्हणून हें उच्चारांत झिजलेलें रूप असावें. शास्ते ६.११ येथील घोटाळा निराळा. सामासिक नांवावरून कुलवाचक विशेषण करितांना इब्री भाषा निश्चयवाचक 'ह' दोन पदांच्या मध्यें घालते. बेथलेहेमकर म्हणावयाचें झाल्यास 'बेथ-हल्लाह्मी' म्हणतात. त्याप्रमाणें 'अबी-हाएज्री' झालें. लॅटिन भाषांतरकार जेरोम यानें हीं दोन पदें सुटीं वाचून गिदोनाच्या बापास 'एज्री कुलाचा पिता' करून टाकिलें! मोडी कागदांत पदच्छेद चुकला म्हणजे काय अनर्थ होतो, हें वाचकांस सांगणें नकोच.

या वादांत भूमीनें साक्ष दिली. इ. स. १९१० मध्यें हार्वर्ड विद्यापीठाच्या वतीनें रायझ्नर यांनीं शोमरोन येथें उत्खनन केलें, तेव्हां राजवाड्याच्या आवारांत शाईनें लिहिलेलीं खापरें निघालीं. तीं इ. स. पू. ८ व्या शतकाच्या पूर्वार्धांतलीं मानितात. जुना द्राक्षारस व तेल कोणत्या साली, कोठून व कोणाच्या नांवें आलें, याच्या त्या नोंदी आहेत. त्यांपैकीं १३ व २८ या क्रमांकांच्या खापरांवर 'अबियेजेराहून' असें असून 'बेथ' स्पष्ट आहे. आज उपलब्ध असलेल्या संपूर्ण इब्री पोथ्यांहून हा पुरावा सतराशेंहून अधिक वर्षें जुना आहे.

यहोशवाच्या यादींतील सहांपैकीं अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शेखेम व शमीदा हीं पांच नांवें खापरांवर आढळतात. आपल्याकडील बेने इस्राएल लोकांच्या रोहेकर, पेणकर या आडनांवांत गांवावरून घराणें ओळखतात. तेथें उलट, कुलावरून प्रांत ओळखीत असत.

वंशावळींचा मेळ मात्र बसत नाहीं. गणनेप्रमाणें हा पुरुष गिलादाचा पुत्र, यहोशवाप्रमाणें मनश्शेचा, तर १ इतिहास ७.१८ प्रमाणें गिलादाच्या बहिणीचा. गिलाद हा प्रदेश यार्देन नदीच्या पूर्वेस, आणि खापरांतील प्रांत पश्चिमेस, शोमरोनच्या आसपास. यास्तव आम्ही यहोशवाचा पाठ ग्राह्य मानितों. गिदोनानें एफ्राईमच्या लोकांस शांत करितांना अबियेजेराच्या द्राक्षांच्या हंगामाचाच दाखला दिला होता. शोमरोनास येणाऱ्या द्राक्षारसाशीं तो चांगला जुळतो.

सहावें नांव हेफेर. तें खापरांवर नाहीं. पण त्याच्या पुत्राला, सलाफहादाला, पुत्र नव्हता, मुलीच होत्या, व त्यांनीं मोशेपुढें वतनाचा हक्क मागितला, अशी कथा आहे. त्या पांच मुलींपैकीं नोआ व होग्ला हीं दोन नांवें त्याच खापरांवर प्रांतांचीं म्हणून लिहिलेलीं आहेत.