वर्षाचं पिल्लू, वय तीस

लॅब्रॅडॉरचं वर्षाचं पिल्लू सोफ्याची कड कुरतडत बसलंय. माणसाच्या हिशेबानं त्याचं वय किती? सात, असं आपण पटकन सांगतो. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे आपली सात, हे पाठच असतं ना! खरं उत्तर ऐकलंत तर चाट पडाल. तीसच्या आसपास.

हे गणित 2020 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी 104 लॅब्रॅडॉरच्या डीएनएवरून मांडलं. वय वाढतं तसे डीएनएवर मिथाइलचे बारीक रासायनिक ठिपके कुठे नव्याने बसतात, कुठले निघून जातात. त्यांची मांडणी पाहिली की वयाचा अंदाज येतो. माणसांचे ठिपके शेजारी ठेवून पाहिले आणि सातचा पाढा कोसळला. वर्षाचा लॅब आपल्या तिशीत, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडलेला आणि बारा वर्षांचा जेमतेम सत्तरीत! म्हणजे मधली स्टेशनं गाळत ठाण्यापर्यंत सुसाट येणारी आणि कल्याणनंतर प्रत्येक फलाटावर थांबणारी बदलापूर फास्ट.

याचा अर्थ लक्षात येतोय? हनुवटीवरचे केस पांढरे झाले की आपल्याला तो म्हातारा दिसू लागतो. शरीर मात्र उताराला केव्हाच लागलेलं असतं. (हे सूत्र लॅबचं आहे. कुत्र्यांच्या जगात आकाराचा न्याय उलटा चालतो: हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो, पण अवाढव्य ग्रेट डेन चिमुकल्या चिवावापेक्षा बरीच वर्षं आधी जातो.)

एक दिवस त्याच्या बुबुळामागे निळसर धुकं दिसतं आणि घरात मोतीबिंदूची चर्चा सुरू होते. अनेकदा तो मोतीबिंदू नसतोच. डोळ्यातल्या भिंगावर जन्मभर नवे तंतू चढत राहतात आणि जुना एकही गळत नाही. अगदी मधले तर तो आईच्या पोटात असतानाचे! वर्षानुवर्षं दाबले जाऊन ते घट्ट होतात, प्रकाश विखुरतात आणि आपल्याला धुकं दिसतं. त्याला मात्र त्यातून बऱ्यापैकी दिसत असतं. दोन्हींतला फरक डॉक्टर तपासून सांगतात.

दुसरा प्रकार याहून भयंकर दिसतो. सकाळी उठावं तर लॅबचं डोकं एका बाजूला कललेलं, डोळे भिरभिरताहेत, उभं राहायला जातो आणि कोसळतो. अर्धांगवायू! असंच कुणालाही वाटेल. पण म्हाताऱ्या कुत्र्यांत अनेकदा हा आतल्या कानाजवळच्या, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा तात्पुरता गोंधळ असतो. तो का होतो हे बऱ्याचदा सापडत नाही आणि दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जण चालू लागतात, फार तर मान थोडी वाकडी राहते. कानाचा संसर्ग किंवा मेंदूतली गाठसुद्धा अशीच दिसू शकते, म्हणून डॉक्टरांकडे लगेच न्यायचंच. कायमचा निरोप द्यायचा निर्णय मात्र त्या पहिल्या सकाळी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मेंदूची गोष्ट तर या सगळ्यावर कडी करणारी. रात्री दोनला तो घरभर फिरतो. भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दार उघडायची वाट पाहतो, तीही बिजागरीच्या बाजूला. इतकी वर्षं बाहेर सू करणारा आता हॉलमध्येच करतो. 'हट्टी झालाय,' घरचे म्हणतात. मेंदूच्या आत मात्र बीटा-ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचत असतात, अल्झायमरच्या रुग्णांत सापडणारे. आणि कुत्र्याच्या व माणसाच्या या प्रथिनातला अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत एक आहे! उंदरात तो वेगळा असतो, म्हणून प्रयोगशाळेत उंदराला माणसाचं जनुक देऊन हा आजार मुद्दाम घडवावा लागतो. कुत्र्याला तसंच काहीतरी आपोआप होतं, आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत. 2001 सालच्या एका अमेरिकी पाहणीत 11-12 वर्षांच्या 28 टक्के कुत्र्यांत विस्मरणाचं निदान एक लक्षण होतं. 15-16 वर्षांच्यांत 68 टक्के.

मग हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. म्हाताऱ्या बीगलवर अडीच वर्षांहून जास्त चाललेल्या एका प्रयोगात काहींना अँटिऑक्सिडंट घातलेला आहार दिला, काहींना नवी खेळणी, सोबती, फिरणं आणि डोक्याला चालना देणारी कामं. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांची शिकण्याची ताकद सगळ्यांत चांगली टिकली. म्हणून फिरताना तो एकाच खांबाला पाच मिनिटं हुंगत राहिला तर पट्टा ओढू नका, तेवढा वेळ त्याचा मेंदू कामाला लागलेला असतो. घरातलं फर्निचर हलवू नका आणि रात्री एक मंद दिवा चालू ठेवा.

सांध्यांचं दुखणं तो बोलून दाखवत नाही. जिन्यापाशी थबकतो, गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. त्याच्या वाटेवर न घसरणारी मॅट टाका. आपल्या डब्यातली आयबुप्रोफेनची गोळी मात्र चुकूनही नको, त्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आणि सगळ्यांत जालीम औषध कोणतं? कमी भरलेलं भांडं! 48 लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून अमेरिकेत एक अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, तेही जन्मभर. 2002 साली निष्कर्ष छापून आले: कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले, जास्त खाणारे 11.2. संधिवातावर औषध सुरू करायची वेळही सरासरी तीन वर्षं उशिरा आली. कुठल्या गोळीनं एवढं साधलंय?

पण लॅबला हे समजवायचं कसं? केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की जवळपास चारातल्या एका लॅबच्या एका जनुकातली 14 अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे भुकेवर लगाम घालणारा एक संदेश नीट तयारच होत नाही. पुढे 2024 साली कळलं की असे कुत्रे निवांत पडलेले असताना ऊर्जाही सुमारे पाव हिश्श्यानं कमी जाळतात. भूक जास्त, खर्च कमी! तेव्हा जेवताना ताटाशेजारी बसून तो ज्या नजरेनं पाहतो, ती नजर खोटी नाही, त्याला खरंच भूक लागलेली असते. तरी पोळी द्यायची नाही. बरगड्यांवरून बोटं फिरवा, न दाबता लागल्या पाहिजेत. नाहीच राहवलं तर गाजराचा तुकडा द्या, तोही त्याच्या रोजच्या हिशेबात धरून.