सायक्लो-क्रॉस शर्यतीसाठी बेताच्या किमतीची फ्रेम

सायक्लो-क्रॉस ही थंडीच्या दिवसांत, मुख्यतः बेल्जियम, नेदरलँड्स व फ्रान्स या देशांत रुजलेली सायकलशर्यत होय. गवत, चिखल व वाळू यांतून आखलेल्या दोन-तीन किलोमीटरांच्या मार्गावर स्पर्धक फेऱ्या मारतात; जेथे चाक चालत नाही तेथे सायकल खांद्यावर घेऊन धावतात. फ्रान्समधील पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिस येथे होऊन ती झां रोबिक याने जिंकली. 'तूर द फ्रान्स' त्याने १९४७ सालीच जिंकलेली होती. अशा नामांकितांस साधने संघाकडून मिळतात. हौशी स्पर्धकास मात्र ती पदरमोड करून घ्यावी लागतात, आणि त्याची पहिली चूक बहुधा फ्रेम निवडतानाच होते: तो ती हातात उचलून तिच्या वजनावरून पारखतो.

या वजनाचे खरे मोल काय, हे थोड्या आकडेमोडीने कळून येईल. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम धरल्यास ४०० ग्रॅमची बचत ही अर्धा टक्का होय. प्रत्येक फेरीत चढणीवर एक मिनिट जात असेल, तर या बचतीने तेथे फार तर सेकंदाचा तिसरा हिस्सा वाचेल. उलट, चिकणमातीच्या मार्गावर दोन फेऱ्यांतच सायकलीस किलोभर चिखल सहज चिकटतो. तो चाक आणि फ्रेम यांमधील फटीत दाटला की चाक घासू लागते, कधी थांबतेच. उतरून बोटांनी तो काढावयाचा म्हणजे वाचविलेले सगळे सेकंद एकदम गेले. म्हणून फ्रेम पाहताना प्रथम ही फट मोजावी. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. असे टायर बसविल्यावर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस व पुढच्या फोर्कच्या माथ्याखाली करंगळी मोकळेपणी फिरली पाहिजे, अशी माझी साधी कसोटी आहे. कोक्सैडेच्या वाळूत हिचे महत्त्व तितके जाणवणार नाही. पावसाळी दिवशीच्या चिकणमातीत मात्र दुसरे काहीच जाणवत नाही.

धातूचा प्रश्न त्यानंतरचा. पोलादाचा स्थितिस्थापकता-गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, तर ॲल्युमिनियमचा ७०. घनतेचे प्रमाणही जवळपास तेच. पातळ नळीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, २८.६ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीइतका ताठपणा तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या नळीस सुमारे ४१ मिलिमीटर व्यासाने येतो, आणि तिचे वजन निम्म्याहून किंचित कमी भरते. प्रत्यक्षात नळीस पोचे पडू नयेत म्हणून तिचे कवच जाड ठेवतात व लाभ घटतो. ॲल्युमिनियमला श्रांतीची खालची मर्यादा नसते, म्हणजे लहान ताणही पुनःपुन्हा पडल्यास केव्हातरी तडा जातोच. पण हौशी स्पर्धकाच्या काही हंगामांपुरता हा दोष भयावह नव्हे. नवी फ्रेम घेणाऱ्यास कमी पैशांत बरी वस्तू ॲल्युमिनियमचीच मिळते. पोलादी फ्रेम जड खरी, परंतु डिरेलर अडकविण्याचा कान वाकला तर तो पुन्हा सरळ करता येतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा हा कान सुटा व बदलता येणारा आहे ना, हे अवश्य पाहावे. चिखलात प्रथम मोडतो तो हाच.

खांद्यावर घेण्याच्या दृष्टीने वरची दांडी फार उतरती नसावी, तिच्याखालून हात सहज जावा, आणि गियर-ब्रेकच्या तारा तिच्या खालून नेलेल्या नसाव्यात.

किमतीचा खरा फास मात्र चाकांत आहे. २०१० साली या शर्यतींत डिस्क ब्रेकना मान्यता मिळाली, तेव्हापासून रिम ब्रेकच्या जुन्या फ्रेम स्वस्त झाल्या. चिखलमिश्रित रेतीने रिम झिजते, ओल्या दिवसांत ब्रेक उशिरा लागतो. तरीही ज्याच्याजवळ तशी चाके आहेत त्यास त्या सोयीच्याच आहेत. डिस्कच्या जुन्या फ्रेममध्ये मागील आसाची जागा १३५ मिलिमीटर, तर नव्यांत १२ मिलिमीटर जाडीच्या आरपार आसासाठी १४२ मिलिमीटर असते. घरातील चाके जीत बसत नाहीत ती फ्रेम निम्म्या किमतीत मिळाली तरी महागच. बेल्जियममधील जाणते स्पर्धक दोन सायकली बाळगतात: एक चिखलाने भरली की मार्गालगतच्या ठरावीक जागी ती सोडून दुसरी घ्यावयाची व पहिली तेवढ्यात धुऊन ठेवावयाची. एका उंची कार्बन फ्रेमच्या पैशांत एकाच मापाच्या, एकच चाके चालणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या फ्रेम मिळत असतील, तर त्याच घ्याव्यात. मदतीस कोणी नसेल तर दुसरीचा विचार सोडावा, आणि ते पैसे टायरांवर खर्चावेत.

जुनी फ्रेम घेताना पुढील नळीच्या जोडाभोवतीचा रंग नखाने खरवडून पाहावा. केसासारखी रेघ दिसल्यास ती फ्रेम सोडावी. पोलादी असेल तर सीटचा दांडा काढून आत बोट घालावे व गंज किती लागतो ते पाहावे. दांडा निघतच नसेल, तर विक्रेत्यास तो आपल्यासमोर काढावयास सांगावा.