तळाशी उरलेले तेल

विद्यार्थी मित्रांनो, पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल ही नावे तुम्हांला माहीत आहेत. ही सारी इंधने खनिज तेलापासून मिळतात. पण ती काढून घेतल्यावर मागे काय उरते, ते आज पाहू.

जमिनीखालून काढलेले खनिज तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यात आणतात. मुंबईत माहुल भागात असे कारखाने आहेत. तेथे तेल सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एका उंच मनोऱ्यात सोडतात. हलक्या घटकांची वाफ होऊन ती वर चढते. वर जाताना ती थंड होते आणि निरनिराळ्या उंचीवर तिचे पुन्हा द्रव बनते. ज्याची वाफ होत नाही, ते काळे, दाट तेल तळाशी राहते.

हे तेल टाकाऊ नाही. त्यापासून फर्नेस ऑइल तयार होते. ते कारखान्यांच्या भट्ट्यांत, बॉयलरमध्ये आणि मोठ्या जहाजांत जाळतात. ते इतके दाट असते, की आधी तापवून पातळ करावे लागते. तळाचे तेल कमी दाबाखाली पुन्हा तापवले, की त्यातून वंगणतेलाचा भाग वेगळा होतो. वंगण नसेल तर यंत्राचे भाग एकमेकांवर घासून झिजतील. मेणबत्तीचे मेणही याच भागातून काढतात.

शेवटी उरते ते रस्त्याचे डांबर. ते खडीला घट्ट धरून ठेवते आणि पाणी आत शिरू देत नाही. खडीत मिसळताना ते सुमारे १५० अंशांपर्यंत तापलेले असते. त्याचा थेंब त्वचेला चिकटून खोल भाजतो. म्हणून मजुरांना हातमोजे व बूट मिळालेच पाहिजेत. तुम्हीही अशा कामाजवळ जाऊ नका.

या जड तेलाचे धोकेही आहेत. ते समुद्रात सांडले तर लवकर उडून जात नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. त्यांपैकी 'एमएससी चित्रा' या जहाजातून शेकडो टन तेल सांडले आणि किनाऱ्यावरील खारफुटीची झाडे काळी पडली. शिवाय या तेलात गंधक असते. ते जळताना विषारी वायू निघतो. त्यामुळे १ जानेवारी २०२० पासून जगभरातील जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. धुरातील गंधक काढणारे यंत्र बसवलेल्या जहाजांनाच यातून सूट आहे.

मित्रांनो, डांबरी रस्त्यावरून शाळेत जाताना हे तळाचे तेल आठवा. ते उपयोगी आहे, पण सांभाळून वापरले तरच.